काजळीला ऐकू येते ती खरखर

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी शहाणपणा शिकवायला नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. इथे लोक लिहितात ते घाटात लिफ्ट मागणाऱ्या बायांचे आणि बंद खोलीतून येणाऱ्या पैंजणांचे किस्से मी चहा पिता पिता वाचते, हसते आणि पुढे जाते. पेशाने मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कोणीतरी येऊन म्हणतं "मॅडम, आपोआप झालं", आणि मी शोधून काढते की आपोआप काही झालेलं नसतं, कोणीतरी कुठेतरी माती खाल्लेली असते. पगार मला त्याचाच मिळतो.

तरीही हे लिहितेय... आणि लिहिताना पुन्हा डोकं तापतंय. यात अंगावर काटा वगैरे येणार नाही. मला तरी भीती एका क्षणालाही वाटली नाही. राग आला, तो अजून आहे.

मी मूळची परभणीची. नोकरी हिंजवडीत आणि राहायला जांब्यात. आमची बिल्डिंग भातखाचर बुजवून बांधलेली. खाली मालक राहतात, वरच्या मजल्यांवर आमच्यासारखे भाडेकरू – कोणी विदर्भातलं, कोणी खानदेशातलं, सगळ्यांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आम्हाला दूध घालायचे ते रिहे गावचे दत्ताभाऊ. रोज सकाळी मोटरसायकलला किटल्या लावून घोटावडे, माण करत यायचे. त्यांच्या घरी बऱ्यापैकी शेती आहे, थोडी फार्महाऊसवाल्यांना विकलीही आहे, पण दुधाचा धंदा त्यांनी सोडलेला नव्हता. त्याचं कारण म्हणजे त्यांची आई. मी त्यांना मावशी म्हणते. मावशींचा जीव म्हशींवर, आणि त्यातही एका म्हशीवर. तिचं नाव काजळी.

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स टाकलेलं आहे. कार्ड रीडर आहे, बारीक स्क्रू ड्रायव्हरचा डबा आहे आणि फुकटात मिळणारे सगळे ओपन सोर्स रिकव्हरी प्रोग्रॅम आहेत. बिल्डिंगमधले बिघडलेले फोन माझ्याकडे येतात. मी पैसे घेत नाही, पण फोन हातात घेतल्यापासून परत देईपर्यंत बडबडते. "पाण्यात पडल्यावर चार्जिंगला लावायचा नसतो हे शाळेत शिकवत नाहीत का?" वगैरे. लोकांना सवय झाली आहे.

तर काजळी. तिचं रेडकू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – म्हैस अशी सहजासहजी दूध देत नाही. आधी पिल्लू आचळाला लावतात, मग ती पान्हा सोडते, मग धार काढायची. पिल्लू गेलं की पुष्कळ म्हशी आटतात. काजळी आटली नाही, कारण मावशी तिच्याशी बोलायच्या. धार काढताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं, एका लयीत. "हं बाय... हं काजळे... सोड गं बाय... सोड..." मध्येच जीभ टाळूला लावून टक् टक् करायच्या. अर्ध्यावर आल्यावर म्हणायच्या, "पाय घे", आणि काजळी मागचा उजवा पाय एक वीत मागे घ्यायची, म्हणजे दुधाची कासंडी नीट बसायची. हे सगळं झाल्याशिवाय ती एक थेंब देत नसे. दत्ताभाऊंना नाही, त्यांच्या बायकोला – मंदावहिनींना – नाही, कुणालाच नाही.

मग मावशींना घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता. आता त्यांच्या गळ्याला पुढून छिद्र आहे, त्यावर त्या पांढऱ्या मलमलीचा तुकडा बांधतात. श्वास तिथूनच चालतो. बोलणं कायमचं संपलं. ओठ हलतात, आवाज येत नाही.

ऑपरेशनला दवाखान्यात नेण्याआधी दत्ताभाऊंनी एक गोष्ट केली, आणि तेवढ्यापुरतं मी त्यांना मानते. संध्याकाळच्या धारेला ते फोन घेऊन गोठ्यात बसले आणि आईचं सगळं बोलणं रेकॉर्ड केलं. नंतर फोन कापडी पिशवीत घालून खुंटीला टांगायचे, रेकॉर्डिंग लावायचे, आणि मंदावहिनी धार काढायच्या. काजळी पान्हा सोडायची. मी स्वतः बघितलंय. इंद्रायणी तांदळाची पिशवी आणायला मी रिह्याला गेले होते तेव्हा मंदावहिनींनी मला गोठ्यात नेलं. खुंटीवरच्या पिशवीतून मावशींचा आवाज येत होता आणि खऱ्या मावशी दारात बसून विळ्याने कडबा तोडत होत्या. "पाय घे" आलं तशी काजळीने पाय घेतला. मावशींनी माझ्याकडे बघून मान हलवली... बघितलंस ना, अशी. मला हसू आलं.

त्या बाईचा आवाज या जगात तेवढाच शिल्लक होता. हे लक्षात ठेवा. घरात लग्नाचे व्हिडिओ आहेत, जागरण-गोंधळाचे आहेत, सगळ्यांत मावशी दिसतात आणि आवाज डीजेचा. आईशी फोनवर बोलताना कोण रेकॉर्ड करतं?

तर दसऱ्याच्या सुमाराला दत्ताभाऊंना नवा फोन हवा झाला. हिंजवडीतल्या एका दुकानात एक्स्चेंज ऑफर होती – जुना द्या, नवा स्वस्तात न्या. पठ्ठ्याने खुंटीवरचा फोन काढला. अगदीच बेफिकीर होते असं नाही म्हणत मी. आधी त्यांनी मेमरी कार्ड बाहेर काढलं, प्लॅस्टिकच्या पुडीत बांधलं आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाखाली ठेवलं. रेकॉर्डिंग कार्डात आहे, कार्ड देवापाशी आहे, आता फोन गेला तरी काय बिघडतं? दुकानातल्या माणसाने फोन हातात घेतला आणि न बघता, न विचारता फॅक्टरी रीसेट मारला. फोन कोरा झाल्यावर साहेबांना मागचा तडा दिसला. "हा ऑफरमध्ये बसत नाही." फोन परत.

दत्ताभाऊ घरी आले, कार्ड फोनमध्ये घातलं. फोन म्हणाला, हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का? ते बोट टेकवणारच होते, मंदावहिनींनी फोन हिसकावून घेतला. त्या घरात डोकं कुणाचं चालतं हे तुम्हाला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाबरोबर ती पुडी माझ्या दारात आली.

"म्याडम, जरा बगता का? कार्डात हाय सगळं, नुसतं दिसत न्हाई."

मी कार्ड रीडरमध्ये घातलं आणि दोन मिनिटांत माझं डोकं फिरलं. कार्ड 'इंटर्नल' केलेलं होतं.

सोपं करून सांगते. साध्या फोनमध्ये कार्ड घालताना फोन विचारतो – हे नुसतं सामान ठेवायला वापरू, की फोनचाच भाग करू? पहिलं उत्तर दिलं तर कार्ड कुठल्याही फोनात, लॅपटॉपमध्ये उघडतं. दुसरं उत्तर दिलं तर फोन ते कार्ड पुसतो, वेगळ्या फॉरमॅटमध्ये बांधतो आणि त्यावर कुलूप घालतो. कुलपाची किल्ली फोनच्या पोटात. बाहेरून कार्ड काढून कुठेही लावा, आत काय आहे ते कळणार नाही. आणि फोन रीसेट केला की किल्ली नष्ट. हे सगळं फोन बनवणाऱ्यांनी एका बारक्या इंग्रजी ओळीत लिहून ठेवलेलं असतं. ज्या माणसाने आयुष्यभर कुलूप आणि किल्ली वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली, त्याला कसं कळावं की इथे पेटी देवापाशी ठेवून किल्ली दुकानदाराच्या हातात दिली?

"हे इंटर्नल कोणी केलं?" मी विचारलं.

"मीच. जागा कमी पडत व्हती, त्यात लिवलं हुतं जास्त जागा व्हईल. दाबलं."

"आणि दुकानात रीसेट करताना तुम्ही काय करत होतात?"

"नवा फोन बगत हुतो."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या फ्लॅटमधली मुलगी दार उघडून बघून गेली.

एक आशा होती. रिह्याच्या खोऱ्यात रेंजची बोंब आहे, म्हणून मीच त्यांच्या दोघांच्या फोनवर एक ओपन सोर्स मेसेजिंग ॲप टाकून दिलं होतं. त्याला इंटरनेट लागत नाही, फोन जवळ आले की वायफायवरून एकमेकांना मेसेज देतात. दत्ताभाऊंनी रेकॉर्डिंग केल्यावर ते या ॲपवरून मंदावहिनींना पाठवलेलं होतं. मी वहिनींचा फोन मागवला. मेसेज होता, तारीख होती, आणि रेकॉर्डिंगच्या जागी 'मुदत संपली' असं लिहिलेलं. जागा भरते म्हणून दत्ताभाऊंनी त्यात मेसेज आपोआप पुसायची सोय चालू केली होती. यूट्यूबवर बघून. त्या माणसाचं बोट आणि 'ओके' बटण यांची जन्मकुंडली जुळलेली आहे.

इकडे काजळी पान्हा सोडेना. मंदावहिनींनी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून पिशवीत टांगून पाहिला, तिने लाथ मारून कासंडी उडवली. कुणीतरी दत्ताभाऊंना पान्ह्याचं इंजेक्शन आणून दिलं. त्याला बंदी आहे, तरी मिळतं, आणि जनावराचे हाल होतात. मावशींनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि उकिरड्यावर भिरकावलं. शेवटी दत्ताभाऊंनी व्यापाऱ्याला बोलावलं. रविवारी सकाळी टेम्पो येणार होता. दूध न देणारी म्हैस व्यापारी कुठे नेतो हे त्या घरात कोणी बोलून दाखवलं नाही, पण मावशींनी जेवण सोडलं.

आवाज गेला होताच, आता ज्या जिवासाठी तो होता तोही जाणार. हे मंदावहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा त्या रडत होत्या, आणि मी लॅपटॉपसमोर दात-ओठ खात बसले होते.

मी सगळं केलं. कार्डाची हुबेहूब प्रत काढली, मूळ कार्ड बाजूला ठेवलं – प्रतीवरच काम करायचं, हा पहिला नियम. रिकव्हरीचे प्रोग्रॅम चालवले. फोन उघडून, त्याच्या पोटात किल्लीचा काही अवशेष राहिलाय का तेही बघितलं. फोन स्वच्छ पुसलेला. कार्डावर जे होतं ते पूर्णपणे रँडम... अर्थ नसलेला भुगा. चांगलं कुलूप हेच तर करतं. जगातली कुठलीही प्रयोगशाळा ते उघडू शकली नसती.

शनिवारी दुपारी मी चिडून एक उद्योग केला. एका ओपन सोर्स साउंड एडिटरमध्ये कुठलाही डेटा कच्चा आवाज म्हणून वाजवता येतो. मी कार्डाच्या त्या प्रतीतून मधूनच कुठूनतरी एक तुकडा कापला – कुठून ते ठरवलं नव्हतं, माऊस जिथे टेकला तिथून – आणि वाजवला. खरखर. जुन्या टीव्हीवर केबल गेली की यायची तशी. दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. समजा कुलूप नसतं आणि माऊस नेमका त्याच रेकॉर्डिंगवर पडला असता, तरी फोन आवाज दाबून बारीक करून साठवतो. तो असा कच्चा वाजवला तर खरखरच येते. दोन्ही बाजूंनी दार बंद होतं.

ती खरखर मी त्याच कोऱ्या फोनमध्ये टाकली, स्कूटर काढली आणि रिह्याला निघाले. हेतू चांगला नव्हता. दत्ताभाऊंना ती ऐकवायची होती. त्यांनी काय केलंय ते त्यांच्या कानात ओतायचं होतं.

पोचले तेव्हा ऊन खाली आलं होतं, धारेची वेळ झाली होती. मावशी गोठ्याच्या दारात नेहमीच्या जागी होत्या, पण विळा नुसता समोर पडलेला. मंदावहिनी शेण भरत होत्या. दत्ताभाऊ खांबाला टेकून उभे. काजळी रवंथ करत होती.

"झालं का काय म्याडम?"

"झालं," मी म्हटलं. "ऐका. तुमच्या आईच्या आवाजाचं हे राहिलंय."

आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरून पूर्ण आवाजात लावला.

खर्र... सगळा गोठा त्या आवाजाने भरून गेला. दत्ताभाऊंचं तोंड पडलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मंदावहिनींच्या हातातलं घमेलं खाली आपटलं.

काजळीचं रवंथ थांबलं होतं. तिने दोन्ही कान आमच्याकडे वळवले होते. मान थोडी खाली घातली, मग एक लांब श्वास सोडला. मला म्हशींतलं ओ की ठो कळत नाही, पण वहिनींना कळलं. त्या वाकल्या, कासेला हात लावला आणि हळूच म्हणाल्या,

"आत्याबाई... पान्हावली."

कोणी कासंडी आणली, कोणी कासेवर पाणी मारलं, मला आठवत नाही. धारेचा आवाज सुरू झाला. मी फोन धरून तशीच उभी, हात अवघडला तरी हलवायची हिंमत होईना. खरखर चालू, धार चालू. आणि साधारण अर्ध्यावर काजळीने मागचा उजवा पाय उचलला आणि एक वीत मागे घेतला.

वहिनींचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं.

"ताई, हितंच. हितंच म्हनायच्या त्या, पाय घे."

मी मावशींकडे बघितलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

रविवारी टेम्पो आला. दत्ताभाऊंनी व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं.

आता माझं सांगते. तुमच्यापैकी कोणी असता तर नमस्कार करून घरी गेला असता. मला त्या रात्रीपासून संताप आवरेना. मी टेस्टर आहे, माझ्यासमोर आपोआप काही होत नसतं. मी पुढचे कितीतरी शनिवार रिह्याला गेले. कॉम्प्युटरकडून नवी खरखर बनवून घेतली, तेवढीच लांब, तेवढाच आवाज. कार्डातूनच दुसऱ्या जागचे तुकडे कापले. सगळ्या फाइल्सना प्रोग्रॅमकडून वाटेल ती नावं देववली, म्हणजे कुठली कोणती हे मलाही कळू नये, आणि मी गोठ्याबाहेर थांबून वहिनींना लावायला सांगितलं. बाकी प्रत्येक फाइलला काजळी शेपटी मारायची, लाथ झाडायची. एका फाइलला पान्हा सोडायची. दरवेळी तीच निघाली, माझा माऊस जिथे पडला होता ती. दुसऱ्या फोनवर टाकली तरी तीच. स्पीकरवर लावली तरी तीच. फाइल उलटी वाजवून पाहिली – काही नाही, नुसती बघत राहिली. पाय दरवेळी त्याच जागी.

फाइलची मी होती नव्हती ती सगळी तपासणी केली. त्यात लय नाही, कुठे चढउतार नाही. बाकीच्या खरखरीत आणि तिच्यात काडीचा फरक नाही. निदान माझ्या हत्यारांना तो दिसत नाही.

हे मी आधी एका टेक्निकल ग्रुपवर लिहिलं होतं. तिथल्या विद्वानांनी दिलेली उत्तरं वाचून माझं रक्त उकळलं. एक म्हणे म्हशीला पिशवीची सवय झाली असणार. अरे बाबा, पिशवी तीच होती, तेव्हा लाथा का मारत होती? दुसरा म्हणे वहिनींच्या हाताचा स्पर्श बदलत असेल. वहिनींना कुठली फाइल चालू आहे हे ठाऊकच नव्हतं, वर लिहिलंय ना, वाचा की. तिसऱ्याने हात जोडलेली चित्रं टाकली आणि 'खंडोबाचा चमत्कार' असं लिहिलं. त्याचा तर सगळ्यात जास्त राग आला. खंडोबाला करायचंच होतं तर त्याने सरळ आवाज परत द्यायचा होता. हे असं अर्धं का?

माझ्या रागाचं खरं कारण ते आहे. मी मावशींना एकदा विचारलं होतं. फाइल लावली, त्यांच्या शेजारी बसले, म्हटलं, "मावशी, तुम्हाला येतो का ऐकू? तुमचा आवाज?" त्यांनी बराच वेळ कान दिला. मग मान हलवली. नाही. त्यांनासुद्धा खरखरच. स्वतःचा आवाज, आणि तो त्यांना मिळू नये... त्या मात्र काजळीकडे बघत होत्या. काजळीने पाय घेतला तशा त्या हसल्या.

म्हणजे बघा, आवाज आहे. कुठेतरी आहे. आणि तो फक्त एका म्हशीला मिळालाय.

दत्ताभाऊ तेव्हापासून बदलले होते. दूध घालून आले की संध्याकाळच्या धारेला गोठ्यात येऊन बसायचे, फोनच्या पिशवीला कान लावून. मान तिरकी, डोळे मिटलेले. शेवटच्या टेस्टला मी गेले होते तेव्हाही तसेच बसले होते. मी लॅपटॉप बॅगेत भरत होते. फाइल चालू होती.

"म्याडम," ते म्हणाले, "हिला ऐकू येतंय तर मला का न्हाई येत?"

एवढे आठवडे खपून मी थकलेले होते. उत्तर माझ्या तोंडात तयारच होतं.

"तिने एक्स्चेंज ऑफर नाही बघितली, दत्ताभाऊ."

मंदावहिनींनी माझ्याकडे चमकून बघितलं. दत्ताभाऊंनी डोळे उघडले नाहीत. तसेच म्हणाले,

"व्हय. खरं हाय."

आणि कान तसाच पिशवीला लावून बसले. त्यांचा चेहरा मात्र गोळा व्हायला लागला होता, रडू दाबताना होतो तसा. इतका मोठा माणूस, हुंदका बाहेर येईना आणि आत जाईना.

मावशी दारातून उठल्या. मला वाटलं माझ्यावर रागावणार. त्या माझ्याकडे न बघता पुढे गेल्या, दत्ताभाऊंच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग थोपटायला लागल्या – काजळीच्या पाठीवर थोपटतात तशाच, त्याच लयीत. खरखर चालू होती. आणि मावशींचे ओठ हलत होते. मी समोरच होते, मला नीट दिसले. ते शब्द मी पूर्वी त्या पिशवीतून ऐकलेले होते.

हं बाय. सोड. सोड.

दत्ताभाऊंनी आईच्या लुगड्यात तोंड घातलं आणि रडले. मोकळे रडले.

मी बॅग उचलून बाहेर आले. स्कूटर चालू केली आणि निघाले.

मी जांब्यातच राहते अजून. ती फाइल माझ्या लॅपटॉपवर आहे, वेगळ्या डिस्कवर आहे, मंदावहिनींच्या फोनवर आहे आणि ॲपमधली मेसेज पुसायची सोय मी माझ्या हाताने बंद केलेली आहे. मधूनमधून हेडफोन लावून ऐकते. खरखर असते. कोणाकडे स्पष्टीकरण असेल तर द्या, पण पिशवीची सवय वगैरे सांगू नका. माझ्याकडे नाही. शोधून दमले.

काजळी अजून रिह्याच्या गोठ्यात आहे. वहिनी सांगतात, फाइल संपली की ती फोनकडे बघत नाही. मान वळवून दाराकडे बघते, तिथे मावशी बसलेल्या असतात.